चहाडखोर डोळे आणि बिडाचा तवा

हेमांगीताई साळवींना एका सकाळी दोन नवरे दिसले. एकाच नवऱ्यानं ज्यांच्या नाकी नऊ आणले होते, त्या बाईंना ही वाढ मंजूर होणं शक्य नव्हतं. त्यांनी एक डोळा मिटला, एक नवरा नाहीसा झाला. डोळा उघडला, तो परत आला.

"अहो, जरा एका जागी उभे राहा," त्या म्हणाल्या.

"मी उभाच आहे," मिलिंदराव म्हणाले. त्यांच्या हातात चहाचा कप होता. हेमांगीताईंनी तो घ्यायला हात पुढे केला, तो नेमका नसलेल्या कपाकडे. खऱ्या कपातला चहा मिलिंदरावांच्या लेंग्यावर सांडला आणि मग मात्र त्यांनी रिक्षा बोलावली. रत्नागिरीतल्या रिक्षांना आता ड्रायव्हर नसतो, तरी भाड्यावरून हुज्जत घालायची जुनी सवय त्यांच्यात कुणीतरी जपून भरली आहे. ती हुज्जत आटोपून दोघं इस्पितळात पोचले.

मेंदूच्या आजारांच्या डॉक्टर कुलसूम मुकादम बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी हेमांगीताईंच्या नाकासमोर पेन धरलं आणि ते वर नेलं, खाली आणलं. डोळे नीट मागे गेले. पेन डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, तर एक डोळा जागचा हलला नाही आणि दुसरा बाहेरच्या बाजूला थोडा जाऊन थरथरत राहिला.

"ताई, हे असं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या कपाळामागे वरच्या मजल्यावर एक साहेब बसलाय. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, असे हुकूम तो सोडतो. ते हुकूम खाली मेंदूच्या देठात येतात. देठाच्या एका भागाला आम्ही पूलच म्हणतो. त्या पुलावर दोन्ही डोळ्यांच्या दोऱ्या एकत्र बांधलेल्या असतात, म्हणून ते जोडीनं वळतात. तिथली एक बारीक रक्तवाहिनी तुंबली आणि पूल खचला. साहेब हुकूम सोडतोय, पण ते पोचत नाहीत. वर-खाली बघण्याची सोय पुलाच्या वरच्या अंगाला आहे, ती शाबूत आहे. आडवं बघणं तेवढं गेलं. एका दिशेचं पूर्ण आणि दुसऱ्या दिशेचं अर्धं, म्हणून या आजाराला 'दीड' असं नाव आहे."

"बरोबर आहे," मिलिंदराव म्हणाले. "दीडशहाणी तर ती आधीपासूनच होती."

हेमांगीताईंनी त्यांच्याकडे जळजळीत कटाक्ष टाकला. पण मिलिंदराव उभे होते डाव्या हाताला, त्यामुळे तो सगळा सलाईनच्या स्टँडवर वाया गेला. लग्न झाल्यापासून त्यांचा कटाक्ष पहिल्यांदाच चुकला होता. आपण खरोखर आजारी आहोत हे त्यांना तेव्हा पटलं.

उपाय निघाला होता. त्याचं नाव सुकाणू. खचलेला पूल दुरुस्त करता येत नाही, तेव्हा बाजूनं वळणरस्ता काढायचा, अशी ती कल्पना. कवटीखाली नखाएवढी पट्टी बसवायची, ती वरच्या साहेबाचे हुकूम जागच्या जागी वाचते. कानामागे त्वचेखाली रुपयाएवढी चकती असते, ती हुकूम समजून घेते. तिथून निघालेल्या केसाएवढ्या तारा डोळ्यांच्या आडव्या स्नायूंना हलका झटका देतात आणि डोळे वळतात. पुलाचं तोंडही बघावं लागत नाही.

"आम्ही कोकणातली माणसं," मिलिंदराव म्हणाले, "वळणरस्त्यावरच म्हातारे झालो. घाला."

शस्त्रक्रिया छान झाली. नवरा पुन्हा एकच झाला. हेमांगीताई पेपर वाचू लागल्या, रस्ता ओलांडू लागल्या, आणि मिलिंदरावांवरचा कटाक्ष पुन्हा अचूक लागू लागला. सगळं आनंदीआनंद होतं, ते शेजारच्या भाटकरांकडच्या सत्यनारायणापर्यंत.

भाटकरवहिनींनी प्रसादाचा शिरा पुढे केला, तेव्हा हेमांगीताई रीतीप्रमाणे म्हणाल्या, "नको हो, अगदी चिमूटभर द्या." तोंड हे बोलत होतं, आणि डोळे उठले ते थेट शिऱ्याच्या पातेल्यावर जाऊन बसले. त्यांनी ते ओढून आणले. ते परत गेले. वहिनी हसल्या आणि त्यांनी वाटीभर वाढलं. "पुरे, पुरे," हेमांगीताई म्हणाल्या. डोळे काजूवर होते. वहिनींनी आणखी वाढलं. एवढं होऊन भागलं असतं. पण त्याच बैठकीत ते डोळे भाटकरांच्या केसांच्या टोपावर गेले, सोफ्याच्या उसवलेल्या शिवणीवर गेले, आणि नव्या सुनेच्या पोटावर जाऊन असे काही थांबले की सासूबाईंनी सुनेला तिथल्या तिथे आत बोलावून विचारलं. बातमी खरी निघाली. ती बिचारी दोन दिवसांनी स्वतःच सांगणार होती.

मिलिंदरावांना तर खजिनाच सापडला. "चहा घेणार?" त्यांनी विचारलं की हेमांगीताई म्हणायच्या, "आत्ता नको," आणि डोळे किटलीकडे. मिलिंदराव मुकाट्यानं कप भरायचे. "राग आलाय का?" "छे, कसला राग?" आणि डोळे पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलकडे. मिलिंदराव टॉवेल उचलायचे. इतक्या वर्षांच्या संसारात जे त्यांना उमगलं नव्हतं ते आता पाटीवर लिहिल्यासारखं समोर होतं, आणि ते सुखात होते. हेमांगीताई मात्र संतापानं धुमसत होत्या. आपल्या मनाला खिडक्या असाव्यात, पण त्यांना पडदे नसावेत, हे त्यांना सोसत नव्हतं.

त्या तडक डॉक्टरांकडे गेल्या.

"त्याचं असं झालंय," डॉक्टर मुकादम म्हणाल्या, "पुलावर एक पहारेकरीही असतो. काही पेशींचं कामच मुळी 'थांबा' म्हणण्याचं. वरचा साहेब फार उतावळा. ते काय आहे, तो कोण आला, असे हुकूम तो सारखे सोडत असतो. पहारेकरी त्यातले बहुतेक अडवतो. माणूस चारचौघांत सभ्य दिसतो तो त्याच्या जिवावर. वर-खालीचे हुकूम अजून त्याच्याच नजरेखालून जातात, पण आमच्या आडव्या वळणरस्त्यावर अजून चौकी बसलेली नाही. काम चालू आहे. पावसाळ्यानंतर बसेल."

"तोवर मी काय करू?"

"तोवर एक लक्षात ठेवा. डोळा वळला म्हणजे मनाला ते हवंच आहे असं नाही. जे चमकतं, जे हलतं, ज्याची भीती वाटते, तिकडेही तो वळतो."

हे वाक्य मिलिंदरावांनीही ऐकलं, पण ते घरी नेलं नाही. ज्याच्या हाती आयती किल्ली लागली आहे तो कुलपाबद्दलच्या शंका कशाला ऐकेल?

हेमांगीताईंना पावसाळा संपेपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं, कारण मे महिन्यात आईच्या सामानाची वाटणी होती.

आई जाऊन वर्ष झालं होतं. माळनाक्याजवळच्या तिच्या दोन खोल्यांना तेव्हापासून कुलूप होतं. वाटणी झाली नव्हती, पण त्याचं कारण भांडण नव्हे. भांडण असतं तर आठवड्यात निकाल लागला असता. कारण होतं सौजन्य. हेमांगीताई म्हणायच्या, "मला काही नको गो रेश्मा, सगळं तूच ठेव." धाकटी रेश्मा म्हणायची, "मी काय करू ताई? तूच ने." फोन ठेवताना दोघी समाधानानं उसासा टाकायच्या आणि कुलूप तसंच राहायचं.

हेमांगीताईंच्या नोकरीनं त्यांना हे शिकवलं होतं. जमिनीच्या मोजणी खात्यात त्यांनी आयुष्य काढलं होतं. जिल्हाभर साखळ्या ओढत, पुढे यंत्रं लावत त्यांनी लोकांच्या वाटण्या मोजून दिल्या होत्या. फणसाचं झाड एकाच्या हद्दीत आणि फणस लागतात ती फांदी दुसऱ्याच्या, एवढ्यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या मयताला न गेलेले त्यांनी पाहिले होते. आपल्या घरात कुणी 'मला हवं' हे शब्द उच्चारायचे नाहीत, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

पण त्यांना एक गोष्ट हवी होती, आणि फार हवी होती. आईचा बिडाचा तवा. काळा कुळकुळीत, एक कान तुटलेला, उचलताना मनगट दुखवणारा. त्यावर आईनं रोज घावनं केली होती. आईच्या त्या तव्यावरून घावन सुटताना कालथा नुसता दाखवावा लागायचा. बाजारातले तवे त्याच्यापुढे नुसती पत्र्याची भांडी. चांदीचं ताम्हन, पैठणी, पितळेचे हंडे, यांतलं काहीही हेमांगीताईंच्या स्वप्नात येत नव्हतं. तवा येत होता.

मागायचा तर कोणत्या तोंडानं? आईची शेवटची वर्षं सगळी रेश्मानं काढली होती. औषधं, पथ्यं, रात्रीची उठबस, सगळं तिचं. हेमांगीताई बदलीच्या गावांहून सणाला यायच्या, गरम घावनं खायच्या आणि परत जायच्या. हे त्यांना टोचत होतं. आणि रेश्माला नुसता सुगावा लागला की ती तवा देऊन टाकणार, यातही त्यांना शंका नव्हती. भीती त्याचीच होती. डोळ्यांत पाणी आणून ती म्हणणार, "घे गो ताई, आईचं केलं त्यातच मला सगळं मिळालं." आणि पुढची वीस वर्षं, प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, पंगतीत शेजारी बसलेल्या बाईला ती हळूच सांगणार, "तवा ना? मीच दिला ताईला. आजारी होती ना ती." तव्याशिवाय जगता आलं असतं. या उपकाराच्या तव्यावर रोज बसणं त्यांना जमणार नव्हतं.

आता इमारतच पाडून नवी बांधायची ठरली, तेव्हा सामान हलवणं भाग होतं. वाटणीची रीत आईनंच घालून दिली होती. थोरलीनं दोन वाटे मांडायचे आणि धाकटीनं आधी उचलायचं. मांडणाऱ्याला कोणता वाटा आपल्याकडे येणार हे ठाऊक नसतं, म्हणून तो मापात पाप करत नाही. आणि मांडणाऱ्यानं हातानं, तोंडानं, कशानंही खूण करायची नाही. साक्षीला आईचे भाऊ दिगंबरमामा बसणार होते. त्यांचं वय झालं होतं, कानानं कमी ऐकू येत होतं आणि भूक मात्र तरुण होती.

हेमांगीताईंनी घरी तालीम केली. टेबलावर डावीकडे त्यांच्या आवडीचा मोदक, उजवीकडे नावडतं वेलची केळं, आणि समोर मिलिंदराव. डोळे मोदकाकडे जाऊ द्यायचे नाहीत, एवढंच. डोळे गेले. त्यांनी युक्ती काढली. वर-खाली बघणं आपल्या ताब्यात आहे, तिथे पहारेकरी जागा आहे, तेव्हा सरळ आढ्याकडे बघत राहायचं. त्यांनी मान न हलवता डोळे वर नेले. क्षणभर ते पंख्यावर टिकले. मग आढ्यावरून सरकत सरकत डावीकडे गेले आणि नेमके मोदकाच्या डोक्यावर येऊन थांबले.

"मोदक," मिलिंदराव म्हणाले आणि तो त्यांनी खाल्ला.

"काळा चष्मा लावू का?"

"घरात? रेश्मा म्हणेल ताई सिनेमात गेली."

"सुकाणू बंद ठेवते तेवढा वेळ."

"मग दोन वाट्यांचे चार दिसतील. आधीच एक वर्ष गेलंय."

शेवटी नोकरी कामाला आली. आडवं बघण्यात घात आहे ना, मग वाटे आडवे मांडायचेच नाहीत. एका रेषेत, एकामागे एक मांडायचे, आणि आपण रेषेच्या टोकाला बसायचं. जवळचा वाटा बघायला नजर खाली, लांबचा बघायला किंचित वर. डावं-उजवं हा प्रश्नच उरत नाही. सगळा कारभार जुन्या पहारेकऱ्याच्या हद्दीत. ही मांडणी सुचली तेव्हा हेमांगीताईंना अख्ख्या नोकरीत झाला नव्हता एवढा अभिमान वाटला.

आदल्या दिवशी जाऊन त्यांनी वाटे मांडले. अगदी तोलून. लांबच्या वाट्यात चांदीचं ताम्हन, निरांजनं, समया, काचेचा सेट. जवळच्यात पैठणी, पितळेचे हंडे, मोदकपात्र, आणि हंड्याच्या आड, आईच्या जुन्या पातळाच्या फडक्यात गुंडाळलेला तवा. फडकं त्यांनी सोडलं नाही. वरून हात फिरवला, तुटलेला कान बोटांना लागला, आणि त्या घाईनं बाहेर आल्या.

वाटणीच्या दिवशी त्या आधीच जाऊन रेषेच्या टोकाला सतरंजीवर बसल्या. मामा आले. "खायला काय आहे?" असं विचारून त्यांनी आल्या आल्या बैठकीचा विषय स्पष्ट केला. मग रेश्मा आली. तिनं ताईला खाली बसलेलं पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"काय गो ताई, एवढं ऑपरेशन झालेलं आणि जमिनीवर? भाओजी, तुम्हांला तरी कळायला नको? ऊठ, आईच्या खुर्चीत बस."

"मी इथे बरी आहे."

"बरी कसली? ऊठ बघू."

तिनं दंडाला धरून ताईला उठवलं आणि भिंतीकडच्या खुर्चीत बसवलं. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण सांगण्यासारखं नव्हतं. खुर्ची होती रेषेच्या बरोबर मध्यावर, बाजूला. हेमांगीताईंनी समोर पाहिलं. डावीकडे ताम्हनाचा वाटा, उजवीकडे तव्याचा. सगळी मोजणी एका मायेनं पाण्यात घातली होती. रेश्मा समोर मांडी घालून बसली आणि तिनं ताईच्या डोळ्यांकडे टक लावलं. भाटकरांच्या सुनेची गोष्ट तिच्याही कानावर गेलेली होती.

"उचल गो रेश्मा," मामा म्हणाले. "मग काहीतरी खाऊ."

"उचलते मामा, घाई काय आहे?" नजर ताईवरून न हलवता रेश्मा म्हणाली.

हेमांगीताईंना घाम फुटला. तव्याचा विचार करायचा नाही असं ठरवलं की मनात तव्याशिवाय काही राहत नाही. डोळे उजवीकडे ओढ घेऊ लागले. त्यांना तो ओढा स्पष्ट जाणवला. आता जाणार, असं वाटलं तेवढ्यात डावीकडे समईच्या मागून दोन लांब मिशा बाहेर आल्या. मिशांच्या मागून झुरळ आलं. मोठं, तांबूस, पंख असलेलं. वाघ दिसला असता तरी हेमांगीताईंनी त्याची हद्द विचारली असती. पण झुरळ म्हटलं की त्यांचं पाणी पाणी व्हायचं. डोळे ताडकन डावीकडे गेले. त्यांनी ओढून आणले, परत गेले. झुरळ ताम्हनावर चढलं, डोळे ताम्हनावर. झुरळ निरांजनामागे लपलं, डोळे निरांजनावर खिळले.

वाचले, असं क्षणभर त्यांना वाटलं. मग हिशेब ध्यानात आला. रेश्मा डोळ्यांत दिसेल तो वाटा ताईसाठी सोडणार. म्हणजे दुसरा उचलणार.

"कळलं मला ताई," रेश्मा म्हणाली. तिचे डोळे खरोखरच भरून आले होते. "चांदी तुलाच राहू दे गो. मी आपला हा वाटा घेते." आणि डोळे पुसत ती उजवीकडे वळली ती पैठणीकडे नाही, हंड्याकडे नाही. तिनं हंड्याच्या आड हात घातला आणि फडक्यातला तवा उचलून मांडीवर घेतला. जरा जास्तच चपळाईनं घेतला.

हेमांगीताई बघत राहिल्या. काही बोललं नाही तर तवा गेला. कायमचा गेला. डोळ्यांनी जे सांगितलं ते खोटं होतं, आणि खरं सांगायला आता एकच अवयव उरला होता, ज्याचा त्यांनी या कामासाठी आजवर कधी उपयोग केला नव्हता.

"मला तो तवा हवा आहे," त्या म्हणाल्या.

रेश्माची मान चटकन वर झाली.

"काय म्हणते?" मामांनी कानाला हात लावला.

"मला तवा हवा आहे, मामा."

"हवा? मग पंखा लावा की कुणीतरी."

"तवा, मामा. आईचा तवा मला हवा आहे. मला, हेमांगीला." हे त्यांनी एवढ्या मोठ्यानं सांगितलं की खालच्या मजल्यावर कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

रेश्मानं मांडीवरचा तवा छातीशी धरला. "आणि मला पण हवा आहे," ती म्हणाली. "वर्षभर मी नको नको म्हणत्येय ती काय म्हणून? तुला हवा असेल तर मागशील म्हणून वाट बघत होते. तू थोरली. आणि आज तुझे डोळे तर चांदीवर होते."

"झुरळ होतं तिथे."

"झुरळ म्हणे. माझ्या समोर खोटं बोलत्येस ताई?"

मिलिंदरावांनी पुढे होऊन निरांजन उचललं. झुरळ उडालं, मामांच्या टोपीवर बसलं, तिथून काचेच्या सेटवर गेलं. हेमांगीताई खुर्चीवर उभ्या राहिल्या. रेश्मा तवा घेऊन पलंगावर चढली. मिलिंदरावांनी चपलेनं प्रकरण मिटवलं तेव्हा सेटमधल्या दोन बशाही मिटल्या होत्या. ते चप्पल पुसत राहिले. डॉक्टर काय म्हणाल्या होत्या ते त्यांना आता आठवलं असावं.

खुर्चीवरून आणि पलंगावरून दोघी बहिणी भांडल्या. तुला काय कमी आहे, तू तर बाहेरगावी राहिलीस, तू तर आईजवळ राहिलीस, आई तुझंच नाव घ्यायची, तुझंच घ्यायची, असं सगळं निघालं. इतकी वर्षं सौजन्यानं दाबून ठेवलेलं होतं, ते थोडक्यात आटोपणार नव्हतं. हेमांगीताईंचा आवाज चढला होता, आणि त्यांना मनातून बरं वाटत होतं.

"भांडू नका," मामा म्हणाले. "दोघींनी घावन करा. जिचं सुटेल तिचा तवा. मी खाऊन सांगतो."

मिलिंदराव खालच्या दुकानातून तांदळाचं पीठ, तेल आणि एक कांदा घेऊन आले. आईच्या शेगडीच्या सिलिंडरमध्ये थोडा गॅस अजून होता. रेश्मानं फडकं सोडलं, आणि तिचे हात थांबले. तवा काळा राहिला नव्हता. खारी हवा फडक्याच्या आत शिरली होती आणि तांबड्या गंजाचे चट्टे मध्यापासून काठापर्यंत पसरले होते. बिडाचा तवा रोजच्या वापरावर जगतो. हा वर्षभर कुलपात होता.

दोघींनी तो घासला, तेल लावलं, अर्धा कांदा फिरवला. हेमांगीताईंनी पहिलं घावन घातलं. ते गिलाव्यासारखं चिकटून बसलं. रेश्माचं तुकड्या-तुकड्यांनी निघालं आणि त्याला लोखंडाचा वास येत होता. मामांनी दोन्ही खाल्ली आणि निकाल राखून ठेवला.

हेमांगीताई ओट्याला टेकून रडल्या. डोळ्यांतलं पाणी मात्र सुकाणूला विचारून येत नाही.

"कुणाला तरी एकीला मिळाला असता तर जगला असता गो," रेश्मा म्हणाली. "दोघी नको नको करत बसलो."

"आता वळणीवर यायला दिवाळी उजाडेल. रोज तेल, रोज कांदा, आणि चिकटलेली घावनं खायची ती वेगळीच."

"मग तू घे ताई. मी नाही एवढं घासणार."

"आता देतेस होय?"

रेश्माला हसू आलं. हेमांगीताईंनाही आलं. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं. एकदा मागून झालं होतं, आकाश कोसळलं नव्हतं, तेव्हा त्यांनी आणखी मागायचं ठरवलं.

"तवा मी नेते," त्या म्हणाल्या. "मला हवाच आहे. पण तो घासायला रोज सकाळी मला तू हवी आहेस. आईच्या वेळी मी नव्हते, सगळं तुझ्यावर पडलं, त्याची मला लाज वाटते. तरीही मागत्येय. तू येत जा. मला तुझ्याशिवाय करमत नाही."

"एवढं सांगायला तुझ्या डोक्यातला पूल खचावा लागला," रेश्मा म्हणाली. तिनं उरलेला अर्धा कांदा ताईच्या हातात दिला. "येईन सकाळी. कांदे तुझ्याकडचे. आणि तवा मी दिला असं सगळ्यांना सांगणार आहे, ते आत्ताच सांगून ठेवते."

"सांग की."

एवढ्या वेळात हेमांगीताईंचे डोळे एकदा चांदीच्या ताम्हनावर जाऊन आले, एकदा मामांच्या ताटलीतल्या शेवटच्या तुकड्यावर, आणि एकदा खिडकीत येऊन बसलेल्या मांजरावर. रेश्मानं ते पाहिलंही नाही. ती ताईशी बोलत होती.